आधी माती, मग वाणी

मृगाच्या दोन-चार दमदार सरी पडल्या की वाणी, म्हणजेच मिलिपीड, शोधायला लांब जावं लागत नाही. परसातला एखादा दगड उलटावा, कुजक्या ओंडक्याची साल हलकेच उचलावी, नाहीतर पालापाचोळा बाजूला सारावा. कोकणात हिलाच पैसा म्हणतात. विदर्भात ती कपाशी-सोयाबीनची कोवळी रोपं कुरतडते, म्हणून शेतकरी शेतात गवताचे ढीग लावतात आणि त्यांच्याखाली जमलेल्या वाणी गोळा करून मारतात. वाणी पाळणाऱ्यालाही यातला पहिला भाग कामाचा. संध्याकाळी सावलीत ओलं गोणपाट अंथरायचं आणि सकाळी उचलून बघायचं. शोध मात्र आपल्या परसात किंवा शेतातच घ्यावा. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय किडासुद्धा उचलायचा नसतो.

गोम आणि वाणी यांत गल्लत होता कामा नये. गोम चपटी, चपळ, एका वळ्याला पायांची एकच जोडी असलेली, आणि ती चावते. वाणी गोलसर आणि संथ. डोक्यामागच्या वळ्याला पाय नसतात, त्यामागच्या तीन वळ्यांना एकेक जोडी, आणि तिथून मागे जवळजवळ प्रत्येक वळ्याला दोन जोड्या.

तिला चिमटीत धरून ओढू नये. तळहात पुढ्यात ठेवला की ती आपणहून चढते. मग एका कडेने नीट पाहावं. पाय एकदम हलत नाहीत. हालचालीची लाट मागून पुढे, शेपटीकडून डोक्याकडे सरकत जाते आणि पहिली विरण्याआधीच मागे दुसरी उठलेली असते. काचेवर चढली असेल तर पोटाकडून सातवं वळं शोधावं. मोठ्या नराच्या तिथल्या चालायच्या पायांचं रूपांतर समागमाच्या अवयवात झालेलं असतं, त्यामुळे पायांच्या रांगेत तेवढी फट दिसते. मादीची रांग सलग असते.

घाबरली की ती वेटोळं करते आणि अंगाच्या दोन्ही बाजूंनी पिवळसर, उग्र वासाचा द्रव सोडते. आपल्याकडच्या लांब, गोल वाणींच्या या द्रवात बेन्झोक्विनोन असतात. हाताला तपकिरी डाग पडतो आणि साबणाने घासूनही लगेच जात नाही. तो हात डोळ्याला लागू देऊ नये. चपट्या पाठीच्या काही वाणी हायड्रोजन सायनाइड सोडतात, त्यांना हवाबंद बरणीत कोंडलं तर त्या स्वतःच्याच विषाने मरू शकतात.

नवशिके प्लास्टिकच्या टबात नारळाचा भुसा भरतात, वर काकडीच्या चकत्या ठेवतात आणि वाणी का मरते म्हणून हळहळतात. काकडी-भोपळा तिला आवडतो, पण तिचं खरं जेवण म्हणजे पायाखालचा थर. खत-कीटकनाशक न लागलेली माती, तिच्या बरोबरीने कुजलेला पाला, आणि बोटांनी कुस्करेल इतकं मऊ पडलेलं, पांढुरकं लाकूड. कवचासाठी कॅल्शियम लागतं, म्हणून अंड्याच्या कवचाची पूड किंवा समुद्रफेस. ओलावा मुठीने जोखायचा. मिश्रण दाबलं तर लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. थर निदान वाणीच्या लांबीइतका खोल हवा, झाकणाला आणि बाजूंना भोकं हवीत आणि टब उन्हात नको.

खोली लागते ती कात टाकण्यासाठी. एके दिवशी वाणी दिसेनाशी होते, काकडीला तोंड लागत नाही, आणि आपले हात उकरायला शिवशिवू लागतात. नेमकं तेच टाळायचं. ती खाली मातीची बंद कोठडी करून आत पडून असते. जुनं कवच सुटलेलं असतं, नवं अजून फिकट आणि मऊ असतं. त्या अवस्थेत कोठडी फुटली तर ती बहुधा वाचत नाही. सुटलेली कात ती स्वतःच खाते आणि त्यातलं कॅल्शियम परत मिळवते. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला पायांच्या तीनच जोड्या असतात. वळी आणि पाय कातीगणिक वाढत जातात.

म्हणून मी टब उघडतो तो वाणी आहे का हे पाहायला नव्हे, तर माती कशी आहे ते पाहायला. पाल्याच्या जागी वरवर सगळ्या लेंड्याच दिसू लागल्या की अन्न संपत आलंय असं समजावं. तेव्हा वरचा थोडा थर काढून नवा पाला आणि लाकूड घालतो. खालची माती हलवत नाही, कारण तिथे अंडी असू शकतात, कोणी कात टाकत असू शकतं. काढलेला थर कुंड्यांना उत्तम, पण आधी कागदावर पसरून बोटांनी चाचपावा. काही जाती प्रत्येक अंड्याभोवती चावलेल्या मातीची गोळी करतात, आणि ती लेंडीपेक्षा किंचित मोठी, गोल लागते. अशी गोळी सापडली तर ती परत टबात.