दृष्टीआड सृष्टी : मज्जावैविध्य आणि घरातील अन्नाची नासाडी

(नाशिकमधील स्वयंपाकघराच्या संदर्भात)

बीजसंज्ञा : मज्जावैविध्य, कार्यकारी क्षमता, अन्नाची नासाडी, गृहव्यवस्थापन, नाशिक

प्रस्तावना

अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या मराठी समाजात अन्न वाया घालविणे हे केवळ गैरव्यवहाराचे नव्हे, तर संस्कारहीनतेचे लक्षण समजले जाते. ही धारणा मोलाची आहे. परंतु तिच्यामुळे एक प्रश्न झाकला गेला आहे. अन्नाविषयी मनात पूर्ण आदर असूनही काही व्यक्तींच्या घरी भाजी सडते, दूध नासते, शिजविलेला भात टाकावा लागतो. अशा व्यक्तीला आळशी, बेफिकीर किंवा उधळी ठरविले जाते आणि कालांतराने तिलाही ते खरे वाटू लागते. अवधान, स्मृती, काळाचे भान व संवेदना यांची घडण बहुसंख्यांहून निराळी असलेल्या व्यक्तींच्या संदर्भात हा दोषारोप कितपत योग्य आहे आणि त्यांच्या घरातील नासाडी प्रत्यक्षात कशी कमी करता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रश्नाची व्याप्ती

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न ग्राहकपातळीवर वाया गेले. त्यांपैकी सुमारे ६० टक्के वाटा उपाहारगृहांचा किंवा दुकानांचा नसून घरांचा होता. भारतातील घरगुती प्रमाण दरडोई दरवर्षी सुमारे ५५ किलो, तर जागतिक सरासरी ७९ किलो इतकी अंदाजिली आहे. या आकड्यांत साली, देठ, हाडे असे न खाण्याजोगे भागही समाविष्ट आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. तरीही नासाडीचे मोठे केंद्र घर हेच आहे, एवढे यावरून स्पष्ट होते. म्हणूनच घरात नासाडी नेमकी कशी घडते, हे पाहणे अगत्याचे ठरते.

मज्जावैविध्य : संकल्पना

‘न्यूरोडायव्हर्सिटी’ ही संज्ञा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ होऊ लागली. ऑस्ट्रेलियन समाजशास्त्रज्ञ ज्युडी सिंगर यांनी १९९८ मधील आपल्या प्रबंधात तिचा वापर केला. मराठीत तिला ‘मज्जावैविध्य’ म्हणता येईल. मानवी मेंदूंची घडण एकाच साच्याची नसते आणि प्रत्येक वेगळेपण हा आजार नव्हे, ही या संकल्पनेमागील भूमिका होय. स्वमग्नता, अवधानन्यूनता व अतिचंचलता म्हणजेच एडीएचडी, डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमता यांचा तिच्या कक्षेत समावेश होतो. भारतातील दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या अनुसूचीत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा अंतर्भाव आहे. एडीएचडीचा मात्र स्वतंत्र उल्लेख नाही.

या विवेचनात ‘कार्यकारी क्षमता’ ही संज्ञा महत्त्वाची आहे. कामाची आखणी करणे, ते सुरू करणे, पायऱ्यांचा क्रम राखणे, मध्येच आलेला मोह आवरणे आणि आवश्यक माहिती काही काळ मनात धरून ठेवणे या सर्व क्षमता तिच्यात येतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी एडीएचडीचा विचार केवळ चंचलतेच्या अंगाने न करता कार्यकारी क्षमता व काळाचे भान यांच्या अंगाने केला. स्वयंपाकघर तर या सर्व क्षमतांची दिवसातून अनेक वेळा परीक्षा घेते.

नासाडीची कारणमीमांसा

१. दृष्टीआड सृष्टी. ही म्हण एडीएचडी असलेल्या अनेकांच्या बाबतीत शब्दशः लागू पडते. जे डोळ्यांसमोर नाही, ते विचारातूनही निसटते. शीतकपाटाची रचना नेमकी याच्या विरुद्ध आहे. सर्वांत लवकर नासणारी पालेभाजी तळाच्या बंद कप्प्यात ठेवली जाते आणि महिनोन् महिने टिकणारे लोणचे, सॉस व जॅम डोळ्यांसमोरच्या दारात दिमाखाने उभे असतात.

२. काळाचे भान. ‘परवाच आणलेली’ कोथिंबीर प्रत्यक्षात आठ दिवसांपूर्वीची असते. ‘आत्ता’ आणि ‘नंतर’ एवढेच दोन काळ ज्याला स्वाभाविकपणे जाणवतात, त्याला ‘गुरुवारपर्यंत संपवायची’ ही सूचना मनात धरून ठेवता येत नाही.

३. कामाची साखळी. नाशिकला गोदाकाठी भरणाऱ्या बुधवारच्या बाजारात हिवाळ्यात हिरव्यागार मेथीच्या जुड्यांचे ढीग लागलेले असतात. जुडी विकत घ्यायला क्षणभर पुरतो. पण तिची भाजी होण्यासाठी ती निवडणे, धुणे, निथळणे, चिरणे आणि फोडणीला टाकणे अशी लांब साखळी पार पाडावी लागते. खरेदीच्या वेळी उत्साह असतो, निवडण्याच्या वेळी तो ओसरलेला असतो. समाज याला आरंभशूरपणा म्हणतो. वस्तुतः काम सुरू करण्याची क्षमता आणि ते करण्याची इच्छा या दोन भिन्न गोष्टी आहेत.

४. संवेदना. स्वमग्न व्यक्तींमध्ये चव, वास, स्पर्श यांविषयीची संवेदना अतितीव्र किंवा अतिमंद असू शकते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएसएम-५ या निदानग्रंथाने या लक्षणाला निकषांत स्थान दिले. सकाळची पातळ आमटी रात्री घट्ट होते, मऊ पोळी वातड होते. इतरांच्या दृष्टीने पदार्थ तोच असला, तरी अशा व्यक्तीच्या दृष्टीने तो निराळाच पदार्थ असतो. शिळे नाकारण्यामागे प्रत्येक वेळी नखरा नसतो.

५. भुकेचा अंदाज. काही व्यक्तींना भुकेची जाणीव स्पष्टपणे होत नाही. एडीएचडीवरील मिथिलफेनिडेटसारख्या औषधांमुळे भूक मंदावू शकते. परिणामी दुपारचा डबा तसाच परत येतो आणि रात्री उशिरा भूक लागल्यावर तो खाण्यायोग्य राहिलेला नसतो.

६. लाज. हे कारण सर्वांत दुर्लक्षित आहे. कप्प्यात काहीतरी सडले असल्याची शंका आली, की तो कप्पा उघडणेच टाळले जाते. तोवर त्यातील चांगल्या वस्तूही नासतात. लाजेमुळे नासाडी थांबत नाही, ती वाढते.

परंपरेतील व्यवस्था आणि तिची अदृश्य स्मृती

जुन्या मराठी स्वयंपाकघराची रचना या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. मिसळणाच्या डब्याचे झाकण उघडताच मोहरी, जिरे, हळद, तिखट सारे एकदम दिसते आणि काय संपत आले तेही कळते. दूधदुभते ठेवण्याचे जाळीचे कपाट आतील वस्तू लपवीत नसे. टांगलेले शिंके येताजाता नजरेस पडे. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) वाटी-चमच्याची मापे घरोघरी पोहोचविली आणि अंदाजावर भिस्त न ठेवता बेताचे शिजविणे नवख्यांनाही शक्य झाले.

तथापि या व्यवस्थेचा गौरव करताना एक गोष्ट विसरता येणार नाही. जुन्या स्वयंपाकघराची खरी स्मृती गृहिणीच्या डोक्यात होती. कालची भाजी किती उरली, दूध केव्हा तापवायचे, कोणाला काय चालत नाही, हे सर्व तिने लक्षात ठेवायचे असे. जिच्या मेंदूची घडण या कामास अनुकूल नव्हती, अशा स्त्रीची ‘धांदरट’ म्हणून जन्मभर संभावना झाली असेल. स्त्रियांमधील एडीएचडी व स्वमग्नता अनेकदा उशिरा ओळखली जाते, हे लक्षात घेता हा प्रश्न केवळ गतकाळाचा नाही. आजही घरातील अन्न वाया गेले, की पहिला जाब स्त्रीलाच विचारला जातो.

उपाययोजना

वरील कारणमीमांसेवरून उपायांचे एक समान सूत्र हाती येते : स्मरणाचा भार व्यक्तीच्या डोक्यावरून काढून स्वयंपाकघराच्या मांडणीवर टाकावा.

मांडणीची उलटापालट : नाशवंत भाज्या व शिजविलेले अन्न डोळ्यांच्या उंचीवरील फळीवर, पारदर्शक डब्यांत ठेवावे, लोणची व सॉस तळाच्या कप्प्यात जावेत. पालेभाजी कोरड्या कापडात गुंडाळल्यास फळीवरही काही दिवस टिकते. एक डबा वा ताटली ‘आधी हे’ म्हणून राखून ठेवावी आणि लवकर संपवायचे सर्व त्यात ठेवावे. डब्यावर चिकटपट्टी लावून शिजविल्याचा वार लिहावा. तारखेपेक्षा वार चटकन समजतो.

खरेदीला मर्यादा : यादी घरून करून न्यावी आणि पिशवी लहान न्यावी. एका वेळी एकच पालेभाजी हा नियम पुरेसा आहे. निवडलेली मेथी वा सोललेला लसूण थोडा महाग पडतो. पण टाकून दिलेल्या जुडीपेक्षा तो स्वस्तच असतो. अशी खरेदी म्हणजे आळस, हा समज सोडावा लागेल.

निर्णय आधीच घेणे : उरलेल्या पदार्थाचे काय करायचे, हा विचार थकलेल्या वेळी सुचत नाही. त्यासाठी घराचा ठरलेला नियम असावा : भात उरला की सकाळी फोडणीचा भात, पोळी उरली की कुस्करा, भाजी उरली की थालीपिठात. वरण साधेच शिजवून ठेवावे आणि खाण्यापुरतेच काढून फोडणी द्यावी. चव व घट्टपणा ज्याच्या त्याच्या संवेदनेप्रमाणे राखता येतो. रोज तोच पदार्थ खाणाऱ्या व्यक्तीला नावीन्याचा आग्रह करू नये. तिचा आहार पोषक असेल, तर ठरावीकपणा हा नासाडी टाळण्याचा उत्तम मार्ग आहे.

बाहेरची खूण : ज्याला आतून वेळ जाणवत नाही, त्याला बाहेरची खूण उपयोगी पडते. नाशिककरांच्या कानांवर घंटागाडीची घंटा रोजच्या परिचयाची आहे. ओला कचरा देऊन आल्यावर लगेच एकदा शीतकपाट उघडून ‘आधी हे’ डबा पाहावयाचा, अशी जोड दिल्यास वेगळे स्मरण ठेवावे लागत नाही.

सुरक्षिततेचे स्पष्ट नियम : संदिग्ध सूचना स्वमग्न व्यक्तीस विशेष त्रासदायक ठरतात. ‘वास घेऊन बघ’ यापेक्षा निश्चित नियम बरा. शिजविलेले अन्न दोन तासांच्या आत, तर एप्रिल-मेच्या कडक उन्हाळ्यात तासाभरातच शीतकपाटात ठेवावे आणि तीन दिवसांत संपवावे. बुरशी आलेले अन्न स्वतः खाऊ नये, गाईलाही घालू नये. वेष्टनावरील ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख गुणवत्तेविषयी असते, ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ ही सुरक्षिततेविषयी. हा भेद न कळल्यामुळे पुष्कळ चांगले अन्न टाकले जाते.

कुटुंब आणि महाविद्यालय

हे उपाय एकट्याने अमलात आणणे कठीण असते. मेथी निवडताना कोणी नुसते शेजारी बसले, तरी काम पुढे सरकते, असा अनेकांचा अनुभव आहे. पूर्वी ओसरीवर शेजारणी मिळून हेच करीत. वाट्याला येणारे काम स्वभावानुसार वाटून घ्यावे : एकाने बाजार, दुसऱ्याने निवडणे, तिसऱ्याने उरलेल्याचा हिशेब.

विशेष शिक्षणात एखादे दैनंदिन काम लहान पायऱ्यांत विभागून शिकविण्याची पद्धत प्रस्थापित आहे. नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये सुरू केलेल्या प्रबोधिनीसारख्या संस्थांमुळे विशेष शिक्षण शहराला अपरिचित नाही. ही पद्धत बौद्धिक अक्षमतेपुरतीच उपयुक्त आहे असे नाही. सुरगाणा, पेठ, कळवण येथून शिक्षणासाठी नाशिकला येऊन खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण प्रथमच स्वतःचे स्वयंपाकघर चालवितात. गृहशास्त्र, मानसशास्त्र आणि राष्ट्रीय सेवा योजना यांनी मिळून घेतलेली एखादी कार्यशाळा त्यांना उपयोगी ठरेल. वर्गात हुशार दिसणारा विद्यार्थी खोलीवर उपाशी राहतो आणि त्याच वेळी त्याची भाजी सडत असते, ही विसंगती प्राध्यापकांना ठाऊक असणे आवश्यक आहे. तिचे कारण विद्यार्थ्याच्या चारित्र्यात शोधू नये.

समारोप

अन्नाची नासाडी हा नैतिक प्रश्न आहेच. पण तो केवळ नैतिक मानल्यास उपदेशाखेरीज हाती काही उरत नाही. मज्जावैविध्याच्या अंगाने पाहिल्यास तो मांडणीचाही प्रश्न आहे असे दिसते, आणि मांडणी बदलता येते. येथे सुचविलेल्या उपायांना मोठा खर्च नाही : पारदर्शक डबे, चिकटपट्टी, एक ठरलेला नियम आणि दोषारोप न करणारे घर. असे घर मज्जावैविध्य असलेल्या व्यक्तीला सोयीचे ठरतेच; शिवाय वृद्ध, आजारी व दिवसभर कामाने थकून येणाऱ्यांनाही ते सोयीचे ठरते. अन्नाचा मान राखणे आणि माणसाचा मान राखणे यांत विरोध नाही, हे ध्यानात घेऊनच घराघरांत या प्रश्नाची हाताळणी व्हावयास हवी.