नाटकाच्या तलवारी: साचा फक्त मुठीचा करा, खर्च वाचवा



शाळांची गॅदरिंग डिसेंबर-जानेवारीत, शिवजयंती १९ फेब्रुवारीला. नकली तलवारींना मागणी येते ती याच दिवसांत. घरच्या घरी साचा करून हा धंदा सुरू करता येतो. पण बरेच जण पहिल्याच पायरीवर पैसे घालवतात, कारण ते अख्ख्या तलवारीचा साचा करायला जातात.

जरा हिशोब करा. अख्ख्या तलवारीला १०० × १४ × ८ सेंमीचा खोका लागतो, म्हणजे ११ लिटरच्या वर जागा. फक्त मुठीला २० सेंमी लांबीचा खोका पुरतो, म्हणजे सव्वादोन लिटर. सिलिकॉन साधारण पाचपट कमी! नक्षी असते मुठीवर. पातं सपाट असतं, ते फोम शीटमधून कापा.

कृती अशी:

१. लाकडाची मूठ घडवून गुळगुळीत घासा. तिच्यावरचा ओरखडा प्रत्येक नगावर उतरतो. पात्यात जाणारी फायबरची कांडी मुठीत बसवा, म्हणजे तिची जागा साच्यात आपोआप तयार होते.

२. मूठ अर्धी प्लॅस्टिसिनमध्ये दाबा आणि कडेला बोटाने खळगे करा. दोन्ही भाग नंतर त्या खळग्यांवरच जुळतात. सिलिकॉन आणि हार्डनर वजनकाट्यावर, डब्यावरच्या प्रमाणातच घ्या. अंदाजपंचे काम नको.

३. दुसऱ्या दिवशी उलटवा, प्लॅस्टिसिन काढा आणि सिलिकॉनवर व्हॅसलीन लावूनच दुसरा भाग ओता. व्हॅसलीन विसरलात तर सिलिकॉन सिलिकॉनला चिकटतं आणि साचा गेला! रेझिन ओतायला एक आणि हवा निघायला एक, अशी दोन भोकं ठेवा.

४. कांडी साच्यात ठेवून पॉलियुरेथेन रेझिन ओता. ओलावा लागला की त्यात बुडबुडे येतात, म्हणून साचा कोरडा हवा. हातमोजे घाला, मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा.

मुलांच्या तलवारीत कांडी टोकाच्या ५ सेंमी आधी थांबवा, टोक गोल ठेवा. इथे तडजोड नाही. एका पोराला लागलं, तर ती शाळा परत ऑर्डर देणार नाही.

आता किंमत. समजा, साच्याला ३००० रुपये लागले. १० तलवारी विकल्या तर प्रत्येकीवर ३०० रुपयांचा बोजा, ६० विकल्या तर फक्त ५०. म्हणून आधी एक नमुना करा, तो घेऊन जवळच्या दोन शाळा आणि एका ड्रेपरीवाल्याकडे जा. ऑर्डर किती मिळते ते बघा, मगच साच्यात पैसे घाला.