घाट उतरल्यावर एकाच चाकाला धग? कॅलिपर तपासा

भोरहून महाडकडे जाणारा वरंधा घाट किंवा वेल्ह्याजवळचा पाबे घाट उतरल्यावर एकाच चाकातून जळका वास येत असेल, तर आधी ब्रेक कॅलिपर तपासून घ्या. चाकाला हात लावू नका. जवळ नेला तरी धग कळते.

बहुतेक गाड्यांच्या पुढच्या चाकांचा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. पिनांचे रबरी बूट फाटले की पावसाळ्यात चिखल-पाणी आत जाते, पिना गंजून अडकतात. पेडल सोडले तरी पॅड डिस्कला घासत राहतो. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच झिजला असेल, तर बहुधा हेच झालेले असते.

ही उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. नवे डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. हवेतला ओलावा शोषलेले ऑइल मात्र १५५ अंशांच्या आसपासही उकळू शकते. वाफ झाली की पेडल थेट तळाला जाते. ट्रॅकवर गाडी पळवणारे ताज्या ऑइलचा आग्रह धरतात तो यासाठीच.

पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावायला सांगा, साध्या ग्रीसने रबर फुगते. ऑइल साधारण दोन वर्षांनी बदला. आणि पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करू नका; ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा.