हा खोकला म्हातारपणाचा नव्हे, विडीचा!



वाशीच्या बाजार समितीत कांदा घेऊन तुमच्यापैकी कितीतरी जण गेले असतील. संध्याकाळी गाडी भरायची, रात्री घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत कांदा-बटाटा मार्केट गाठायचे. झोप येऊ नये म्हणून वाटेत एक विडी, गोण्या उतरेपर्यंत दुसरी, भाव निघेपर्यंत तिसरी. मालाच्या हिशेबपट्टीत हमाली दिसते, तोलाई दिसते. विडीची कपात मात्र कुठल्याच पट्टीवर लिहिलेली नसते. ती छातीतून होते, आणि ध्यानात येते वीस-पंचवीस वर्षांनी.

छातीत काय होते?

आपले फुप्फुस म्हणजे झाडच समजा. श्वासनलिका या फांद्या आणि टोकाला कोट्यवधी वायुकोश. हे वायुकोश हवेतला प्राणवायू रक्ताला देतात. विडी-सिगारेटच्या धुराने श्वासनलिका सुजतात, त्यांत कफ साठतो, त्या अरुंद होतात. वायुकोशांचे पडदे फाटतात. आत घेतलेली हवा मग पुरती बाहेर पडत नाही. या रोगाला डॉक्टर ‘सीओपीडी’ म्हणतात.

“विडीत तंबाखू ती केवढी!” असे कुणी म्हणेल. पण तेंदूच्या पानात गुंडाळलेली विडी लवकर विझते, म्हणून ती पुन्हा पुन्हा आणि जोराने ओढावी लागते. त्यामुळे विडीचा धूर सिगारेटपेक्षा सौम्य नाही. बंद खोलीतल्या चुलीच्या धुरानेही हाच रोग होतो. म्हणून विडीला कधी न शिवलेल्या माउलीलाही तो गाठतो.

लक्षणे ओळखा

सकाळी उठल्याबरोबर खोकल्याची उबळ आणि बेडका, ही पहिली खूण. पुढे चढावर धाप लागते. मग सपाट बांधावरून चालतानाही बरोबरीचे लोक पुढे निघून जातात. छातीत शीळ वाजते, थंडीत दुखणे उचल खाते. घरचे म्हणतात, “वय झालं आता.” इथेच घात होतो.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या. क्षयाची ही तपासणी मोफत होते. क्षय नसेल तर नळीत जोराने फुंकर मारण्याची ‘स्पायरोमेट्री’ तपासणी करून घ्या. थुंकीत रक्त पडत असेल किंवा वजन उतरत असेल तर एक दिवसही थांबू नका.

आता सोडून काय उपयोग?

उपयोग आहे, आणि मोठा आहे. फ्लेचर आणि पीटो या संशोधकांनी लंडनमधल्या कामगारांच्या श्वासाची आठ वर्षे मोजणी केली. १९७७ साली त्यांनी दाखवून दिले की, धूम्रपान बाधणाऱ्या माणसाचा दम झपाट्याने घटत जातो. गेलेला दम परत येत नाही. पण धूम्रपान सोडले की पुढची घट इतर माणसांइतकीच मंद होते. विडी सगळ्यांना सारखी बाधत नाही, हेही त्यांना आढळले. म्हणून नव्वदीपर्यंत विडी ओढणाऱ्या आजोबांचा दाखला देऊ नका. त्यांची छाती तुम्हाला मिळाली असेलच, असे नाही.

सोडायचा दिवस ठरवा आणि घरात सांगून टाका. पहिले तीन-चार दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही. काही आठवड्यांत ते ओसरते. तल्लफ आली की पाणी प्या, बडीशेप चघळा. विडीच्या जागी तंबाखू किंवा मिश्री मात्र धरू नका. १८००-११-२३५६ या क्रमांकावर व्यसन सोडण्यासाठी मोफत सल्ला मिळतो.

उपचार कसा?

डॉक्टरांनी ओढण्याचा पंप दिला तर घाबरू नका. पंपाचे व्यसन लागत नाही. औषध थेट श्वासनलिकेत जाते, म्हणून थोडेच पुरते. तो कसा ओढायचा ते डॉक्टरांसमोर करून दाखवा आणि नंतर चूळ भरा. बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नका. धाप लागली तर बसा, नाकाने श्वास घ्या आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून सावकाश सोडा. झेपेल तेवढे रोज चाला. फ्लूच्या लसीबद्दल विचारा. धान्य पाखडताना, मळणीच्या वेळी नाकातोंडाला फडके बांधा. चुलीला धुराडे करा.

ओठ निळे पडले, एक वाक्य सलग बोलता येईना किंवा रोगी गुंगीत जाऊ लागला, तर लगेच १०८ ला फोन करून गाडी बोलवा.

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे. घराच्या ओसरीवर मात्र कायदा येत नाही. तिथे घरच्यांनीच बोलले पाहिजे. तेव्हा बायाबापड्यांनो, उद्या सकाळी धनी खोकत उठले तर “वय झालं” म्हणून सोडून देऊ नका. त्यांना घेऊन आरोग्य केंद्रात जा.