सर्व्हरची पंगत

दहावीचा निकाल लागला आणि आमच्या चिरंजीवांची टोळी पांगली. कुणी पुण्याला, कुणी लातूरला, एक तर वडिलांच्या बदलीमुळे थेट नागपूरला. सगळ्यांनी मिळून माईनक्राफ्ट खेळायचं तर सर्व्हर हवा, आणि तो आमच्याच घरी ठेवायचा, असं परस्पर ठरलंसुद्धा! मग एका संध्याकाळी माझ्यापुढे यादी आली. ग्राफिक्स कार्डासकट नवा कॉम्प्युटर आणि दुप्पट वेगाचं इंटरनेट. बेरीज पाहून हातातला चहा हिंदकळला.

‘नाही’ म्हणणं सोपं होतं. पण मित्र गेल्यापासून पोरगं जेवताना गप्प असायचं, तेही दिसत होतंच. म्हटलं, “आधी माणसं किती येणार ते सांग.” हळदीकुंकू असो की बारसं, आपला हिशेब तिथूनच सुरू होतो ना!

“आठ. पण एका वेळी पाच-सहाच.”

“मग आठच धरू. ग्राफिक्स कार्ड कशाला?”

तो जरा घुटमळला. “अगं, चित्र ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवरच तयार होतं. सर्व्हर फक्त कोण कुठे आहे, कुणी काय खोदलं, एवढंच बघतो.” झालं, कार्ड खोडलं!

सर्व्हर हे काम सेकंदाला 20 वेळा करतो, आणि त्यातलं मुख्य काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं. म्हणजे ढीगभर कोअर असण्यापेक्षा एक कोअर चपळ असलेला बरा. यांचा जुना लॅपटॉप कपाटात पडून होता. रॅम 4 जीबी, त्यातली बरीचशी विंडोजच खाणार. आणखी 4 जीबी टाकून सर्व्हरचा वाटा वेगळा काढायचं ठरलं.

आता इंटरनेट. आमचा प्लॅन 40 एमबीपीएसचा, पण तो आकडा डाउनलोडचा, घरात येणाऱ्या माहितीचा. सर्व्हर माहिती बाहेर पाठवतो, म्हणजे बघायचा तो अपलोड. मोजला तर फक्त 9! शिवाय ‘एमबीपीएस’मधला ‘बी’ बिटचा. 8 बिटांचा 1 बाइट, हे विसरलं की सगळाच हिशेब आठपट चुकतो.

मग शेजारची दोन मुलं घरच्याच वाय-फायवर बसवून रंगीत तालीम केली. आमच्याकडे माणशी साधारण 200 किलोबिट जाताना दिसले, नव्या प्रदेशात धावले की तिप्पट. म्हणून माणशी 600 धरले. आठांचे 4.8 मेगाबिट. यांच्या ऑफिसच्या व्हिडिओ कॉलला 3. एकूण 7.8. भागतंय, पण काठोकाठ. मग व्ह्यू डिस्टन्स 10 वरून 6 वर आणला. प्रत्येकाभोवती 441 ऐवजी 169 चौकोनच पाठवायचे. निम्म्याहून कमी!

तरी पहिल्या दिवशी बाहेरगावचं कुणीच आत येईना. कळलं की आमची इंटरनेट कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. सोसायटीचं नाव ठाऊक, फ्लॅट नंबर नाही, असं पाहुण्यांचं झालं. स्वतंत्र पत्त्यासाठी महिन्याला थोडे पैसे पडले, पण ते नव्या प्लॅनपेक्षा कमीच.

माझ्या अटी दोन. यादीत नाव नाही त्याला प्रवेश नाही, आणि सर्व्हर रात्री सात ते नऊच. 30 वॅटचा लॅपटॉप दिवसरात्र चालला तर महिन्याला 21.6 युनिट, दोन तासांत 1.8.

मैत्रिणींनो, अशी यादी समोर आली की ‘मला त्यातलं कळत नाही’ म्हणून पैसे देऊ नका, आणि धुडकावूही नका. माणसं किती, ते विचारा.

परवा जेवताना नागपूरकराने लाव्हात कशी उडी मारली, ते सांगता सांगता पोराची आमटी गार झाली. शेवटी हळूच म्हणाला, “आई, अजून दोघं येतो म्हणतायत.”

म्हटलं, “कागद आण.”