जुना लेथ घेताना

पाळण्याचे खांब, लाटणे, भोवरा ही सारी कातकामाचीच अपत्ये. बडोद्याजवळच्या संखेड्यास सागवानी कातीव सामान आजही घडते. घरी हे काम शिकू इच्छिणाऱ्याने जुना लेथ अवश्य पाहावा. मात्र नव्या रंगास भुलू नये. वरवरचा गंज घासून निघतो. बिडाला गेलेला तडा सहसा नीट सांधत नाही. फिरता दांडा धरून हलवावा. तो खडखडला, तर बेअरिंग झिजले असे समजावे. मग मागचा सरकता भाग पुढे आणून दोन्ही अणकुच्या समोरासमोर भिडवाव्यात. त्या जुळत नसतील आणि जुळवण्याची सोयही नसेल, तर सौदा मोडावा.

पहिले लाकूड मऊ, बिनगाठीचे असावे, शिवण उत्तम. ते एक फेरा हाताने फिरवून टेकूला अडत नाही ना, हे पाहावे आणि मगच मंद गतीने यंत्र सुरू करावे. उपरणे, सैल बाही, बांगड्या दूर, डोळ्यांवर चष्मा. पटाशी आधी टेकूवर टेकवावी, मग लाकडास लावावी. हा क्रम उलटला की फिरते लाकूड ती हातातून हिसकून घेते, आणि बोटे तेथून फार लांब नसतात!