एका दमात पोचायचा हट्ट

गणपतीला किंवा मे महिन्यात मुंबई-ठाण्याहून गाडी घेऊन कोकणात गेलेल्या माणसाला ओसरीवर पहिला प्रश्न येतो तो ‘किती तास लागले?’ हाच. त्यावर ‘मध्ये कुठे थांबलोच नाही’ हे उत्तर मोठ्या अभिमानानं दिलं जातं आणि ऐकणारेही कौतुकानं मान हलवतात. लांबच्या प्रवासाबद्दलचे आपले बहुतेक गैरसमज या कौतुकातून निघालेले आहेत. प्रवास म्हणजे दात-ओठ खाऊन एकदाचं उरकायचं काम, असं एकदा धरलं की पाणी कमी प्यायचं, झोप चहावर ढकलायची, पोरांना उपाशी ठेवायचं, सामान कसंही कोंबायचं हे सगळं ओघानंच येतं. गाडीतला आराम ही चैन समजली जाते. खरं तर चालवणाऱ्याचं डोकं आणि मागे बसलेल्यांची पोटं ठिकाणावर ठेवणारी तीच गोष्ट आहे, आणि ती बाजारातल्या महागड्या उशीतून येत नाही, थांबण्याच्या नीट आखणीतून येते.

न थांबता गेलं की लवकर पोचतो, हा पहिला समज हिशेबाला टिकत नाही. मुंबईहून कणकवली साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. त्यातला मोकळा, वेग घेता येईल असा रस्ता दीडशे किलोमीटर धरला आणि तिथे ताशी ८० ऐवजी ९० नं गाडी हाणली, तर वाचतात जेमतेम बारा-तेरा मिनिटं. कशेडीला बोगदा झाला, घाटातली वळणं वाचली. पण सणाच्या दिवशी माणगावच्या बाजारपेठेत गाड्यांची रांग लागली की ही बारा मिनिटं कुठल्या कुठे विरघळतात. आपण किती वाजता पोचणार हे मुख्यतः कोंडी ठरवते आणि आपण घरातून निघालो ती वेळ ठरवते. दर दोन तासांनी वीस मिनिटं असे तीन थांबे घेतले तर जातो एक तास. हा तास वाया गेला असं वाटतं, पण उरलेले सात-आठ तास नीट जावेत यासाठी मोजलेली ती किंमत आहे. थांबे आधीच ठरवलेले असले की ‘अजून थोडं पुढे जाऊ, पुढचं हॉटेल बरं असेल’ या घोळात जाणारा वेळही वाचतो.

एवढा वेळ बसूनच तर असतो, त्यात थकायचं काय, असंही म्हटलं जातं. पण बसून राहणं हेच शरीराला जड जातं. पोटऱ्यांचे स्नायू हलले की पायातलं रक्त वर ढकललं जातं. पाय तासन् तास लोंबकळत राहिले की ते साकळतं, पावलं सुजतात. चार तासांहून अधिक सलग बसून प्रवास केला तर शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली सांगितलं, आणि ते विमानापुरतं नाही, गाडी, बस, रेल्वे सगळ्यांना लागू आहे. निरोगी माणसाला हा धोका मुळात लहान असतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. मात्र गरोदर बाई, नुकती शस्त्रक्रिया झालेला माणूस किंवा घरातले वयस्कर सोबत असतील तर थांबून चार पावलं चालणं टाळू नये, आणि निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

यावर बायकांचा आक्षेप रास्त आहे. थांबायचं कुठे? स्वच्छतागृहांची अवस्था अशी की घोटभर पाणीसुद्धा नको वाटतं. कित्येक जणी प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात, आणि मग दुपारी जे डोकं ठणकतं ते ‘ऊन लागलं’ म्हणून सोडून दिलं जातं. ही गैरसोय खरी आहे आणि ती दूर करणं प्रवाशांच्या हातात नाही. तरीही एवढं माहीत असावं की पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि टायरची हवा विनामूल्य मिळणं अपेक्षित आहे. पेट्रोल न भरताही ते मागता येतं. म्हणूनच थांबा जेवणाच्या चवीवर न ठरवता स्वच्छतागृहावर ठरवावा. चांगली मिसळ मिळणाऱ्या ठिकाणापेक्षा कडी असलेलं दार आणि नळाला पाणी असलेलं ठिकाण लक्षात ठेवणं घरातल्या निम्म्या माणसांच्या जास्त उपयोगाचं आहे.

झोपेबद्दलचे समज मात्र नुसते गैरसोयीचे नाहीत, जिवावर उठणारे आहेत. रात्री रस्ता मोकळा असतो हे बरोबर. पण पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर सर्वांत सुस्त असतं, आणि दुपारी जेवणानंतर पुन्हा एकदा तसं होतं. समृद्धी महामार्गासारख्या सरळसोट रस्त्यावर, जिथे मोटारींना १२० ची वेगमर्यादा आहे, ना वळण ना सिग्नल अशा एकसुरीपणात डोळे उघडे असूनही लक्ष सुटतं. चार सेकंदांची डुलकी ताशी १०० च्या वेगानं गाडीला एकशेदहा मीटर पुढे नेते. काच खाली करणं, गाणी मोठ्यानं लावणं, गालावर पाणी मारणं यांनी काही मिनिटं तरतरी वाटते, झोप जात नाही. चहा-कॉफी उपयोगी पडते, पण टपरीवर कप ठेवून लगेच किल्ली फिरवली तर तिचा फायदा मिळत नाही, कारण कॅफिनला अंगात भिनायला वीस-तीस मिनिटं लागतात. चहा घ्यावा, गाडी सुरक्षित जागी उभी करून सीट मागे टाकावी, गजर लावून पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटावेत. जाग येते तेव्हा झोप आणि चहा दोन्ही कामाला आलेले असतात.

जांभयांना एसीचाही हातभार असतो. गारवा टिकावा म्हणून बाहेरची हवा बंद करून आतलीच फिरवायचं बटण बहुतेक गाड्यांत कायम दाबलेलं राहतं. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाखांत सव्वाचारशेच्या आसपास असतं. चार माणसं बसलेल्या बंद गाडीत ते बघता बघता काही हजारांवर जातं. डोकं जड होतं, पोरं किरकिरतात, आणि सगळ्यांना वाटतं की प्रवासाचा शीण आहे. घाटात धूर ओकणाऱ्या ट्रकमागे अडकलं असताना ते बटण योग्यच, पण दर अर्ध्या तासानं पाचेक मिनिटं बाहेरची हवा आत घ्यावी.

गाडी लागणाऱ्या मुलांना उपाशी नेलं की उलटी होत नाही, ही समजूत तर घरोघरी आहे. उलटीचं मूळ पोटात नसतंच. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगतो की आपण हलतोय, मोबाईलवर खिळलेले डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. या दोन निरोपांच्या झटापटीतून मळमळ सुरू होते. म्हणून दूरवर समोर बघता येईल अशी जागा, हातातून बाजूला ठेवलेला फोन आणि हलकं खाणं हा उपाय आहे. रिकाम्या पोटी मळमळ उलट वाढू शकते. तेलकट वड्यापेक्षा दशमी किंवा साधी पोळी बरी. आलेपाकानं काहींना बरं वाटतं, द्यायला हरकत नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र निघण्यापूर्वी अर्धा-एक तास घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी बहुधा बाहेरच येते, आणि तिनं झोप येत असल्यामुळे चालवणाऱ्यानं ती कधीही घेऊ नये.

सामानाचा प्रश्न ‘डिकीत मावलं ना, मग झालं’ इथे संपत नाही. मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवलेला एक नारळ घ्या. ताशी ८० नं जाणारी गाडी कशावर तरी आदळून जागीच थांबली तर नारळ थांबत नाही. आठव्या मजल्यावरून पडल्यावर असेल त्या वेगानं तो पुढच्या डोक्यांवर येतो. पाण्याची गोल बाटली त्याहून फसवी, कारण तिला अपघातही लागत नाही. उतारावर घरंगळत ती ब्रेकच्या पायटीखाली जाऊन बसते, आणि पाय दाबला तरी ब्रेक खाली जात नाही. जड वस्तू डिकीत सर्वांत खाली, मागच्या सीटला टेकवून ठेवाव्यात. वरच्या थरात थांब्यावर लागणारं, म्हणजे डबा, टॉवेल, मुलांचे कपडे. गाडीत हाताशी फक्त चालत्या गाडीत लागणारं, तेही दाराच्या कप्प्यात किंवा बंद पिशवीत. थांबे ठरलेले असले की ही वाटणी आपोआप होते. आणि जे नारळाला लागू तेच माणसाला लागू आहे. मागे बसलेल्यांना पट्टा लागत नाही हे खोटं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ नुसार तो त्यांनाही बंधनकारक आहे, आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर कलम १९४ ब खाली १००० रुपये दंड आहे. दंड राहू द्या; धडकेच्या क्षणी मांडीवरचं लेकरू कुठल्याही आईच्या हातांना धरून ठेवता येत नाही, कितीही घट्ट कवटाळलं तरी. पट्ट्यानं अवघडायला होतं अशी तक्रार असते. तो पोटावर नसून कमरेच्या हाडावर बसला आणि दर दोन तासांनी सुटला, तर ती तक्रार बरीच कमी होते.

टायरबद्दल थोडक्यात. उन्हाळ्यात हवा फुगते म्हणून कमी भरावी, हे उलटं आहे. कमी हवेचा टायर चालताना जास्त दबतो, त्याच्या भिंती वाकून वाकून तापतात आणि तोच फुटतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर असलेल्या स्टिकरवर दाब लिहिलेला असतो, बऱ्याचदा भरलेल्या गाडीसाठी वेगळा. टायर थंड असताना तेवढी हवा भरावी, स्टेपनीतही. नायट्रोजनवर अवलंबून राहू नये. साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो.

या सगळ्या समजांची कसोटी लागते ती परतीच्या प्रवासात. विसर्जन करून त्याच रात्री निघायचं आणि सकाळी कामावर हजर व्हायचं, असा बेत शेकडो घरांत दर वर्षी होतो, कारण रजा खरोखरच मिळत नाही. पण त्या दिवशी गाडी चालवणारा माणूस पूजेसाठी पहाटे पाचला उठलेला असतो. आरत्या, पंगती, विसर्जन, सामानाची बांधाबांध होऊन रात्री दहाला तो स्टिअरिंगवर बसतो, तेव्हा त्याला जागून सतरा तास झालेले असतात. सतरा तास सलग जागलेल्या माणसाच्या हालचाली आणि प्रतिसाद रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतके मंदावतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्या कायद्यानं मर्यादा ३० ची आहे. दारूला न शिवलेला हा माणूस त्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत घरचे सगळे मागे झोपलेले असताना हायवेला लागतो. त्याला रात्री जेवून झोपू द्यावं, पहाटे साडेचारला उठवावं, आणि दुसऱ्या दिवशीची अर्धी रजा गावाला निघतानाच मागून ठेवावी.